कोकणच्या काल्पनिक दर्यात नवा शोध कसा उतरवावा

मराठीत समुद्रावरच्या अद्भुतकथा लिहिणारे आणि रोलप्लेइंग गेमसाठी जग रचणारे आता बरेच झाले आहेत. किल्ले छान उभे राहतात, गलबतंही तरंगतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात कोणी विक्षिप्त पंडित तळघरातून उडतं जहाज बाहेर काढतो, आणि तिथून पुढे कथेला ना भरती लागते, ना बंदर, ना जहाज चालवणारा तांडेल. शोध इतका मोठा होतो की जग त्याला नको होतं.

खाली एक पद्धत दिली आहे. नवं तंत्रज्ञान जगात आणताना ते ऋतूला, वाऱ्याला, मालाला आणि माणसांच्या पोटाला कसं बांधायचं, याच्या या पायऱ्या. सोबत एकच काल्पनिक शोध, 'जुळं पाणी', शेवटपर्यंत बांधत नेला आहे. तुमचा शोध वेगळा असेल, हिशेब याच रीतीने करा.

पायरी १: आधी दर्याचं पंचांग

कोरा कागद घ्या, बारा मराठी महिने लिहा आणि ज्येष्ठ ते श्रावण यांवर काट मारा. नैऋत्य मोसमी वारा सुरू झाला की शिडाचं जहाज उघड्या दर्यात जात नाही. गलबतं खाडीत आत घेतली जातात किंवा किनाऱ्यावर ओढून झापांखाली शाकारली जातात. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून दर्या उघडतो. तुमच्या राज्याचं आरमार कितीही बलाढ्य असो, वर्षातले जवळजवळ तीन महिने ते खाडीतच असतं. युद्ध, व्यापार, पळापळ सगळं उरलेल्या महिन्यांत बसवा. गोदीतली कामं, भांडणं आणि शोध मात्र पावसाळ्यातच टाका. मेस्त्री तेव्हाच रिकामा असतो आणि धन्याकडे त्याचं ऐकायला वेळ असतो.

दुसरी ओळ वाऱ्याची. थंडीत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा जोरात येतो. मध्यरात्रीनंतर सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई वाहतो. याचा अर्थ उत्तरेकडून दक्षिणेला जाणारं गलबत वाऱ्यावर चालतं. दक्षिणेकडून वर येणाऱ्याला पहाटेच्या मतलईवर सहा-आठ तास मारावे लागतात आणि दुपारी वारा फिरला की एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकावा लागतो.

आकडे घालून बघा. विजयदुर्ग ते अलिबागचा कुलाबा किल्ला हे समुद्रातून साधारण १२५ सागरी मैल, म्हणजे २३० किलोमीटर. ताशी ४ मैल धरले तर उतरताना दीड-दोन दिवस. चढताना रोज २४ ते ३२ मैल पडतात, म्हणजे चार ते पाच दिवस. एकाच वाटेचे हे दोन आकडे पुढे फार कामाला येतील. बहुतेक लेखक जाण्यायेण्याला सारखाच वेळ धरतात आणि तिथेच नकाशा खोटा वाटू लागतो.

तिसरी ओळ पाण्याची. मुंबईच्या आसपास पूर्ण भरतीची वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. भरती रोज साधारण दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं पुढे सरकते. दक्षिणेकडे जावं तशी ती थोडी आधी येते आणि तिची उंचीही कमी होते. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, मालवणकडे ते निम्म्याच्या आसपास येतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, त्यामुळे मोठं जहाज कधी आत येईल हे राजा ठरवत नाही. पाठलागाच्या प्रसंगात तिथी आधी ठरवा, मग प्रसंग लिहा.

पायरी २: जुनं तंत्र चांगलं चालतं हे मान्य करा

नवा शोध रिकाम्या जागेत येत नाही. आधीचं साधन कुठे पुरतं आणि कुठे कमी पडतं याची यादी करा, आणि ती करताना जुन्या माणसांना मूर्ख ठरवू नका.

कमाल घ्या, म्हणजे ताऱ्याच्या उंचीवरून अक्षांश काढायचं जुनं साधन. लाकडी फळी, तिच्या मधून गाठी मारलेली दोरी. दोरी दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजावर, वरची ध्रुवावर. अरबी समुद्रात हे साधन शतकानुशतकं चाललं. त्याचं माप बोटांत, एक बोट म्हणजे साधारण १ अंश ३६ कला. आता मालवण १६ अंशांवर, मुंबई १९ अंशांवर. म्हणजे सगळा कोकण जेमतेम दोन बोटांत मावतो. अर्ध्या बोटाची चूक झाली तर ४८ सागरी मैल चुकतात, विजयदुर्ग गाठायचा तर जयगडच्याही वर पोहोचाल. मग किनाऱ्यावरचा तांडेल कमाल कशाला वापरेल? तो डोंगराची शेंडी, देवळाचा कळस, खडकाचा रंग ओळखतो. शिशाच्या ओळंब्याला खाली चरबी लावून टाकतो, वर काढला की चिकटलेला चिखल किंवा रेती पाहून आपण कुठे आहोत ते सांगतो. तेव्हा तुमच्या कथेत अक्षांश मोजणारं झळझळीत पितळी यंत्र आणलंत तर ते मस्कतला जाणाऱ्या व्यापाऱ्याला विका. कोकणी तांडेल ते घेणार नाही.

जहाजांचंही तसंच. अठराव्या शतकातल्या वर्णनांत गुराबा दोन डोलकाठ्यांच्या साधारण १५० टनी, तीन डोलकाठ्यांच्या ३०० टनांपर्यंत, रुंद बांध्याच्या आणि पुढे निमुळत्या नाळेच्या. गलबतं सहसा ७० टनांच्या आत, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की गलबतं वल्ह्यांवर गुराबांना ओढून नेत. वारा नसताना वल्हं आणि असताना शीड, ही जोडी उथळ किनाऱ्याला इतकी चपखल आहे की वाफेच्या यंत्रालाही तिथे आधी आपली लायकी सिद्ध करावी लागेल. शिवाय कोकणात दगडी कोळसा नाही. वाफ आणायची तर जंगल तोडावं लागेल, आणि तेच सागवान पठाणाला, म्हणजे जहाजाच्या कण्याला, हवं असतं. लाकूड हा त्या काळीही राजकारणाचा विषय होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला धन्याच्या राजीशिवाय हात लावू नये असं बजावलं आहे.

यादीत एक दुखणं मात्र खरं निघतं, ते म्हणजे बातमी. रात्री किल्ल्यावर आग पेटवून इशारा देता येतो. समुद्रसपाटीपासून २५ मीटर उंचीवरून क्षितिज १८ किलोमीटरवर दिसतं, समोरचा बुरूज तेवढाच उंच असेल तर आग ३६ किलोमीटरवरून दिसेल. विजयदुर्ग ते कुलाबा साखळी जोडायला मध्ये किमान सहा चौक्या हव्यात. धुकं आलं की साखळी तुटते. आणि आग फार तर 'आले' एवढंच सांगते. कोण आले, किती, कुठे चालले, हे सांगायला गलबतच पाठवावं लागतं, तेही चढतीला पाच दिवस. इथे शोधाला जागा आहे.

पायरी ३: निसर्गाचा एकच नियम वाकवा

हिवाळ्याच्या सुमारास कोकणात काही रात्री लाट फुटली की निळसर चमकते. हे काम नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचं. तो आकाराने मिलिमीटरच्या आसपास, पाणी हललं की उजळतो आणि लगेच विझतो. इतकं सगळं खरं. याच्यावर एक खोटा नियम ठेवा: एकाच लाटेतून भरलेल्या दोन कुप्यांपैकी एक हलवली की दुसरीही चमकते, मग ती कितीही दूर असो.

हे झालं जुळं पाणी. आता लगेच मर्यादा लिहा, नाहीतर हा शोधही उडत्या जहाजाच्या वाटेने जाईल. आमच्या उदाहरणासाठी त्या अशा:

दोन्ही कुप्या पुढची लाट येण्याआधी भरल्या पाहिजेत.
एका जोडीत सहाशे चमका. कुठल्याही बाजूने हलवलं तरी हिशेब एकच. संपल्या की पाणी दुधाळ होऊन मरतं.
आयुष्य पंधरा तिथी, एक चमकही खर्च केली नाही तरी.
गोडं पाणी लागलं की मरतं. हाताला कोमट लागेल एवढं तापलं तरी मरतं.
घाट चढला की मरतं.

शेवटची अट मुद्दाम घातली आहे. तिच्यामुळे देशावरच्या राजधानीला हे तंत्र कधीच थेट मिळत नाही. निरोप घाटाच्या पायथ्याशी थांबतो आणि पुढे जासूद धावतो. म्हणजे पायथ्याच्या चौकीवर बसलेला कारकून राज्यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस बनतो. एका अटीतून असा माणूस निघाला तर अट योग्य आहे. न निघाल्यास अट बदला.

वाकवलेले नियम दोन झाले की सांभाळणं कठीण जातं, तीन झाले की वाचक हिशेब सोडून देतो. मर्यादा कितीही घाला.

पायरी ४: माल कुठून येतो

कुपी कशाची? पहिला कारागीर कुंभारच असणार, तो प्रत्येक गावात आहे. मडक्याला वरून अभ्रकाची खिडकी, कडेला लाख. मडकं पाझरतं म्हणून पाणी थंड राहतं, हे उत्तम. पण त्याच पाझरण्याने पातळी उतरते, आतलं मीठ दाट होतं आणि बाहेर पांढरा थर धरतो. पंधरा तिथींचं पाणी आठव्या-नवव्या दिवशी मरतं. लेप देऊन पाझर बंद केला तर थंडावा जातो आणि फाल्गुनातल्या उन्हात तिसऱ्या दिवशी मरतं.

काच घ्यावी तर सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात काचेची पांढरी वाळू आहे, आणि तिथून फार लांब नसलेलं खारेपाटण हे विजयदुर्गच्या खाडीवरचं जुनं बंदर. बैलावरून खारेपाटण, तिथून पडावात, म्हणजे मालाच्या होडीत. नुसती वाळू वितळायला सुमारे १७०० अंश लागतात, ते देशी भट्टीच्या आवाक्याबाहेरचं. सज्जीखार मिसळला की काम बऱ्याच कमी उष्णतेवर होतं. अडचण लोहाची. आसपासची लाल माती वाळूत मिसळली की काच हिरवी निघते. चमक निळी, हिरवी काच निळा प्रकाश खाते, आणि आधीच मंद असलेली चमक दिसेनाशी होते. म्हणून वाळू सात पाण्यांनी धुणाऱ्या बायका या उद्योगाचा कणा. त्यांनी एक दिवस काम थांबवलं की पुढच्या महिन्यात राज्य आंधळं होतं. कथेसाठी हे पंडितापेक्षा केव्हाही चांगलं पात्र.

तोडगा असा निघतो की काचेची कुपी मडक्यात ठेवायची आणि मधल्या जागेत समुद्राचं पाणी भरायचं. मडकं पाझरतं, बाहेरचं पाणी थंड राहतं, कुपीतलं मीठ जागच्या जागी. मधल्या जागेत कोणी आळसाने विहिरीचं पाणी घातलं तर बुचातून झिरपून जोडी मरते, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

पायरी ५: पहिला नमुना बिघडवा, मग दुसरा

ही सर्वांत मोठी पायरी. इथे घाई करू नका. शोध विश्वसनीय वाटतो तो त्याच्या दोषांमुळे.

पहिला दोष डोळ्यांचा. उजेडातून आलेल्या माणसाला मंद चमक दिसत नाही, डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे साधारण एक घटका. म्हणून निरोप्याची कोठडी पूर्ण काळोखी, दाराला दोन पडदे, आणि पाळी बदलताना नवा माणूस जुन्याच्या शेजारी एक घटका आधीच येऊन बसतो. वेळ मोजायला घटिकापात्र, म्हणजे एका घटकेत पाण्यात बुडणारं भोकाचं भांडं, तेही आवाजावर, कारण दिवा लावता येत नाही. भांडं बुडाल्याचा आवाज ऐकायला माणूस जागा असावा लागतो. चार घटकांहून लांब पाळी दिली की माणसाला नसलेल्या चमका दिसू लागतात.

दुसरा दोष जहाजावरचा. किल्ल्यावर कुपी स्थिर असते. गलबतावर डोलली की आपोआप चमकते, आणि दुसऱ्या टोकाला किल्ल्यातही चमकते. एक वादळी रात्र सहाशे चमका गिळून टाकते. म्हणून हे तंत्र पहिली काही वर्षं किल्ल्यातून किल्ल्यातच वापरलं जाईल. जहाजावर ते चढवायला तांबट लागेल. पितळेच्या दोन कड्या, एकीत एक, बाहेरची आडव्या कण्यावर, आतली तिच्याशी काटकोनात. कुपी आतल्या कडीत, बुडाला शिसं. जहाज कलतं, कुपी उभी राहते.

तरी काम संपत नाही. कुपीचा झोका आणि जहाजाचा झोका एका तालात आला तर कड्या झोका मोडण्याऐवजी वाढवतात. कुठल्या गलबतावर किती शिसं हे ठरवून ठेवता येत नाही, प्रत्येकावर बघावं लागतं. कण्याला चामड्याची चकती घालून थोडं घर्षण दिलं की झोका मरतो, पण चामडं खाऱ्या हवेत कडक होतं, त्याला दर आठवड्याला मुशीचं तेल द्यावं लागतं.

तिसरा दोष पाण्याच्या पातळीचा. काठोकाठ भरलेल्या कुपीत पाणी हिंदकळत नाही, म्हणून खोट्या चमका थांबतात. पण मुद्दाम हलवली तरी ती नीट चमकत नाही. पाऊण भरली तर हिसका चांगला लागतो, पण लाटेवरही चमकते. दोन्ही एकाच कुपीत जमत नाही. उत्तर: प्रत्येक टोकाला दोन कुप्या, एक पाठवायची, पाऊण भरलेली, एक बघायची, काठोकाठ. म्हणजे एका वाटेला दोन जोड्या आणि खर्च दुप्पट. इथे तुमचा खजिनदार कथेत येतो.

पायरी ६: निरोप किती मावतो

कुपी कुठे भरायची? दोन टोकांपैकी एकीकडे भरून दुसरी जोडीदार तिकडे पोहोचवायची आहे. विजयदुर्गला भरली तर उत्तरेला जायला पाच दिवस, आयुष्याचा तिसरा हिस्सा वाटेत गेला. कुलाब्याला भरली तर दोन दिवस. राजकारणात कोणीही वरचढ असो, भरण्याचं ठाणं उत्तरेला जाणार, तेही वाऱ्यामुळे. दक्षिणेचा सुभेदार कायम उत्तरेच्या कुप्यांवर अवलंबून.

पंधरातून दोन गेले, उरले तेरा दिवस. सहाशे भागिले तेरा, रोज साधारण ४५ चमका. एका अंकाला तेवढ्या चमका (शून्याला दहा), असे ठरलेल्या निरोपांचे तीन अंकी आकडे पाठवले तर एक निरोप सरासरी सोळा-सतरा चमका खातो. दिवसाला तीन निरोपही होत नाहीत.

यावर सुंदर उपाय आपल्याच पाठांतरात आहे. फक्त एक, दोन, तीन हे अंक घ्या आणि तीन गट करा. तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस. नक्षत्रंही सत्तावीस. अश्विनी म्हणजे १-१-१, भरणी १-१-२, कृत्तिका १-१-३, रोहिणी १-२-१, असं करत रेवती ३-३-३. निरोप्याला वही लागत नाही, लहानपणी म्हटलेली यादी पुरते. काळोख्या कोठडीत वही वाचताही आली नसती. निरोपाचा सरासरी खर्च सहा चमका, दिवसाला सात निरोप.

कुठल्या नक्षत्राला कुठला अर्थ द्यायचा यात खरी हुशारी आहे. रोज लागणारा 'सगळं ठीक' स्वस्त हवा, म्हणून तो अश्विनी. पण लाटेच्या धक्क्याने एक खोटी चमक घुसली तर अश्विनीची भरणी, रोहिणी किंवा मघा होते. म्हणून या तिघींना अर्थच देऊ नका. त्या आल्या की 'पुन्हा सांगा' असं समजायचं. शत्रूच्या आरमाराचा निरोप रेवती. एखाद्या गटात चार चमका आल्या तर निरोप रद्द. दोन गटांमध्ये दहा श्वासांचं अंतर. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो आणि गट एकमेकांत मिसळतात, हे विसरू नका. लढाईच्या रात्रीचा निरोप बहुतेक वेळा चुकीचा असेल.

पायरी ७: पैसा कोणाचा, पोट कोणाचं

हे पटकन उरकता येतं, कारण इथवरच्या पायऱ्यांतून उत्तरं आपोआप पडतात. हरतात ते मशालजी, चौकीदार आणि चढतीचे जासूद. लहान मचव्यांतून जकात चुकवून जाणारेही हरतात. कान्होजी आंग्र्यांच्या काळात समुद्रावर दस्तक, म्हणजे परवाना, तपासला जाई. बनावट दस्तक घेऊन पुढे सटकलेल्या मचव्याची खबर आता पुढच्या किल्ल्याला त्याच्या आधी लागते. जिंकतो व्यापारी, पण सगळेच नाहीत. कार्तिकानंतर भात बाजारात येतं तेव्हा उत्तरेचा भाव ज्याला आधी कळतो तो जिंकतो. सरकारी कुपीवर चोरून पाठवलेली एक चमकही लाख मोलाची, आणि ती चोरी सापडते, कारण सहाशेचा हिशेब जुळत नाही. निरोप्याच्या हिशेबात तूट ही कथेची उत्तम सुरुवात आहे.

एक भांडण आवर्जून घ्या: लाट कोणाची? किनाऱ्यावरचे कोळी आणि गाबीत ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकतात तिथे सरकारी पहारा बसला, आणि रात्रीची मासेमारी बंद झाली. जाळ्याने पाणी ढवळलं की चमक खर्च होते म्हणून. गावाचा पाटील मोबदला मागणारच.

पायरी ८: नक्कल, तोडफोड आणि तिसरी कुपी

चमक उघड दिसते ती अमावास्येच्या आसपास, म्हणून चांगलं पाणी महिन्यातून एकदाच भरता येतं. आयुष्य पंधरा तिथी, म्हणजे अर्धा महिना रिकामा. तो भरून काढायला पौर्णिमेलाही भरतात, पण चांदण्यात कुठल्या लाटेत किती जीव आहे ते कळत नाही. 'पुनवेचं पाणी' स्वस्त, कधी सहाशे चमका देतं, कधी साठ. बनावट माल याच वाटेने बाजारात येतो. वर निळीचं बोट फिरवलेली मेलेली कुपी दिवसा ओळखता येत नाही.

तोडफोड करणाऱ्याला शस्त्र लागत नाही, चमचाभर पावसाचं पाणी पुरे. म्हणून कोठडीत पिण्याच्या पाण्याला बंदी, आणि चार घटका तहानलेला निरोपी.

सर्वांत धोकादायक फट नियमातच आहे. एका लाटेतून दोन कुप्या भरता येतात, तर तीनही येतात. तिसरी ज्याच्या हातात, तो सगळं ऐकतो, आणि कोणाला पत्ता लागत नाही. त्याने ती हलवली तरच कळेल, म्हणून शहाणा हेर कधीच हलवत नाही. यामुळे भरण्याची रात्र हाच राज्याचा सर्वांत नाजूक क्षण. ओहोटीला दूर खडकावर, भोवती गलबतांचं कडं, भरणारे दोघेच, दोघं वेगवेगळ्या गावचे. मग फितुरी एका माणसाला जमत नाही. तुम्हाला दोन माणसांची कथा मिळते.

उलट उपायही द्या. आकडे पकडले जात आहेत असा संशय आला की नक्षत्रांची सुरुवात बदलायची: या पक्षात मोजणी अश्विनीऐवजी मघेपासून. चावी फक्त सरखेलाला, म्हणजे आरमारप्रमुखाला, माहीत. चावी चुकली तर 'सगळं ठीक' आणि 'शत्रू आला' यांची अदलाबदल होऊ शकते, तेव्हा चावी बदलायची ती युद्ध नसताना. राजे नेमकी ती युद्धातच बदलतात.

पायरी ९: प्रसार आणि परीक्षा

शोध किनाऱ्याने भराभर पसरतो आणि घाटावर हळू जातो. एका मोसमात तो दाभोळपासून वेंगुर्ल्यापर्यंत पोहोचेल, कारण खलाशी हंगाम संपला की गावी जातात आणि बोलतात. पण बोलण्याने पसरते ती बातमी. हातची कला मेस्त्री पळवल्यावर किंवा लग्नसंबंधातूनच जाते. शिवकाळात कल्याण-भिवंडीकडच्या जहाजबांधणीत पोर्तुगीज कारागीर कामाला होते. परक्याचा कारागीर आपल्याकडे आणणं ही जुनी रीत. तेव्हा दुसऱ्या राज्यात जुळं पाणी दोन टप्प्यांत आणा. आधी मडक्याचा, नऊ दिवसांत मरणारा नमुना. काही वर्षांनी, वाळू धुणाऱ्या बाईचं लग्न तिकडे लागल्यावर, काचेचा.

शेवटी कागद एखाद्या चिकित्सक मित्राकडे द्या आणि त्याला तीन प्रश्न विचारायला सांगा. हे तंत्र आषाढात काय करतं? ते चालवणाऱ्या सर्वांत गरीब माणसाला दिवसाचे किती पैसे मिळतात? शत्रूला ते पाडायला किती खर्च येतो? जुळ्या पाण्याची उत्तरं: आषाढात काहीच नाही, समुद्र गढूळ आणि किनाऱ्याचं पाणी अर्धं गोडं, काचभट्टी मात्र तेव्हाच पेटलेली, गरीब माणूस म्हणजे वाळू धुणारी बाई, तिचा रोज मूठभर तांदळात ठरवा आणि अमावास्येच्या आधी दुप्पट करा, आणि पाडायचा खर्च चमचाभर पाणी. तिसऱ्या प्रश्नाला 'शक्यच नाही' असं उत्तर आलं तर पायरी ३ वर परत जा आणि आणखी एक मर्यादा घाला. मित्राला फट सापडली तर ती लगेच बुजवू नका. आधी पाहा, ती फट कथेतल्या कोणाला सापडली तर जास्त मजा येईल.